पाळी जातानाचा घाम आणि अंगाचा बदललेला वास

प्रश्न कोपरीत राहणाऱ्या ४९ वर्षांच्या एका ताईंचा आहे. आठ महिने झाले, पाळी आलेली नाही. नोकरी फोर्टात, त्यामुळे रोज सकाळी ठाण्याहून लोकल. गेलं वर्षभर आपल्या अंगाला वेगळाच, उग्र वास येतो असं त्यांना वाटतंय. दिवसातून तीनदा आंघोळ, जंतुनाशक साबण, पाण्यात लिंबू, वर पावडर, त्यावर सेंट, सगळं करून झालं. आता त्या डब्यात बसायचं टाळतात, दारापाशी उभ्या राहतात. भजनी मंडळात जाणंही सोडलंय. मुलगी म्हणते, "आई, काही येत नाही गं वास." हा वास खरा की मनाचा, आणि तो कधी जाणार, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पाळी जाण्याच्या काळात वास बदलतो, हे खरं आहे. नौपाड्यात माझ्याकडे येणाऱ्या बायका गुडघे, झोप, चिडचिड यांबद्दल मोकळेपणाने बोलतात आणि वासाचं मात्र खुर्चीतून उठता उठता, आवाज खाली आणून सांगतात. त्यामुळे प्रत्येकीला वाटतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय. तसं अजिबात नाही.

उपायांकडे जाण्याआधी वास नेमका कुठून येतो ते शोधा. सगळं अंग एकसारखं कधीच वास देत नाही. या वयात वासाच्या जागा साधारण चार: काख, स्तनांखालच्या, पोटाच्या आणि जांघेच्या घड्या, योनीमार्ग, आणि नकळत गळणारी लघवी. चारही ठिकाणची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. तुम्ही आजवर जे केलं ते सरसकट सगळ्या अंगावर केलं, म्हणून गुण आला नाही. आजच रात्री कपडे बदलताना ब्लाउजची काखेकडची बाजू, ब्राची खालची पट्टी आणि निकर वेगवेगळे हुंगून बघा. लाज वाटायचं कारण नाही, मी दवाखान्यात हेच विचारते. आंबूस किंवा कांद्यासारखा वास काखेचा असतो. कुबट, ओलसर वास घड्यांचा. माशासारखा असेल तर योनीमार्गातला. आणि स्वच्छतागृहात येतो तसा झोंबणारा असेल तर लघवीचा. नव्वद टक्के काम इथेच होतं असं म्हणणार नाही, पण दिशा नक्की मिळते.

आता काख. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्या अंगावर दोन प्रकारच्या घामाच्या ग्रंथी आहेत. एक प्रकार सगळ्या अंगभर असतो. त्यातून पाणी आणि मीठ बाहेर पडतं आणि अंग थंड होतं. दुसरा प्रकार काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतो. त्यातला घाम दाट, थोडा तेलकट असतो. कातडीवर राहणारे जंतू हा दाट घाम फोडतात, आणि त्यातून गंधकयुक्त आणि आम्लधर्मी वायू निघतात. तोच आपल्याला येणारा वास. या दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी भीती, घाई, लाज, ताण यांनीही चालू होतात. म्हणजे डब्यात शिरताना "आज येत असेल का वास" या धास्तीनेच काख ओली होते. तुमच्या प्रश्नातलं "खरा की मनाचा" याचं अर्धं उत्तर इथे आहे: वास खरा, आणि धास्ती त्यात भर घालते.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. गिझरच्या थर्मोस्टॅटसारखंच काम. इस्ट्रोजेन कमी झालं की हा थर्मोस्टॅट फार हळवा होतो. तापमान किंचित वाढलं तरी मेंदू "अंग तापलं" असं समजून कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो. याच त्या वाफा. छातीतून वर मान, चेहरा, डोकं गरम होतं, दोन-चार मिनिटांत माणूस घामाघूम, आणि मग हुडहुडी. त्यात ठाण्याची हवा. कोरड्या प्रदेशात घाम उडून जातो. आपल्याकडे खाडीची दमट हवा असल्यामुळे तो कपड्यात आणि घड्यांत मुरतो. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे ही तक्रार सांगणाऱ्या वाढतात, याचं मला नवल वाटत नाही. शिवाय इस्ट्रोजेन घटल्यावर पुरुषी संप्रेरकांचा तुलनेने वरचष्मा होतो, त्याचाही घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथींवर थोडा परिणाम होतो.

काखेचा उपाय सोपा आहे, फक्त तो योग्य वेळी करायला हवा. दुकानात "डिओ" म्हणून मिळणारे बरेचसे स्प्रे केवळ सुगंधाचे असतात. तुम्हाला हवंय ते घाम कमी करणारं अँटिपर्स्पिरंट; घटकांच्या यादीत अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा अॅल्युमिनियम क्लोराइड लिहिलेलं बघा, बहुधा रोल-ऑनमध्ये सापडेल. ते सकाळी आंघोळ झाल्या झाल्या ओल्या काखेत लावू नका. रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी असताना लावा आणि सकाळी धुऊन टाका. रात्री घाम कमी असतो, तेव्हा अॅल्युमिनियमचे क्षार ग्रंथींच्या तोंडाशी बसतात. आठवडाभर रोज लावा, नंतर आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरतात. ओल्या कातडीवर किंवा केस काढल्या दिवशी लावलं तर आग होते. याने स्तनाचा कर्करोग होतो अशी भीती व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असते; आजवरच्या अभ्यासांतून तसं सिद्ध झालेलं नाही. फक्त मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) जायच्या दिवशी काखेत काहीही लावून जाऊ नका, त्याचे कण फोटोत दिसून गोंधळ होऊ शकतो.

घरात तुरटी असेलच. तीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. आंघोळीनंतर खडा ओला करून काखेत फिरवला की जंतू कमी होतात. घाम ती फारसा थांबवत नाही, पण ज्यांचा त्रास हलका आहे त्यांना पुरते आणि स्वस्त आहे. लिंबू आणि खाण्याचा सोडा मात्र बंद करा. लिंबू लावून उन्हात गेल्यावर काळे डाग पडलेल्या काखा मी खूप बघते, आणि सोड्याने कातडी सोलवटते. सोलवटलेल्या कातडीवर जंतू आणखी फोफावतात.

एवढ्याने भागलं नाही तर मुरुमांसाठी मिळणारा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश, २.५ ते ५ टक्क्यांचा, आंघोळीच्या वेळी काखेत लावून दोन-तीन मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. वासाचे जंतू त्याने चांगले आटोक्यात येतात. आधी कोपराच्या आत लावून बघा, काहींना सोसत नाही. आणि रंगीत टॉवेल वापरू नका, त्याचा रंग उडतो.

कपड्यांबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण बायका अंग घासून घासून लाल करतात आणि वास असतो ब्लाउजच्या अस्तरात. पॉलिएस्टरचे धागे पाणी शोषत नाहीत, पण घामातली चरबी धरून ठेवतात, आणि काही वासाचे जंतू त्यावर सुतीपेक्षा जास्त वाढतात. धुतलेला ब्लाउज कपाटात छान वाटतो. अंगावर चढवून मुलुंड येईपर्यंत अंगाच्या उबेने वास पुन्हा उठतो. हे तुमच्या बाबतीत होतंय का बघा. होत असेल तर ते कपडे धुण्याआधी उलटे करून कोमट पाण्यात डिटर्जंट घालून तासभर भिजवा, आणि काखेचा भाग हाताने चोळा. मऊपणा आणणारं कंडिशनर त्यांना लावू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो. तरीही वास जात नसेल तर तो ब्लाउज आता सोडून द्या, जीव अडकवू नका. नवीन शिवताना शिंप्याला सुती अस्तर आणि काखेत अर्धा इंच सैल असं स्पष्ट सांगा. काखेत लावायचे घामाचे पॅड मिळतात, ते वापरा. साडीखाली हल्ली परकराऐवजी घट्ट शेपवेअर घालतात. रूप छान येतं, पण ते नायलॉन-स्पँडेक्सचं असतं आणि जांघ दिवसभर शिजते. रोजच्या लोकलप्रवासासाठी सुती परकरच बरा. ब्रा रोज बदला, एकच ब्रा तीन दिवस नको. पावसाळ्यात कपडे घरातच दोरीवर वाळतात आणि दमट राहतात. पंख्याखाली पूर्ण वाळवून काखेच्या आणि जांघेच्या भागावर आतून इस्त्री फिरवा.

घड्यांमधला कुबट वास हा बहुधा घामाने कातडी भिजून राहिल्याचा आणि त्यावर वाढलेल्या बुरशीचा असतो. स्तनांखाली लालसर, ओलसर पट्टा, खाज, कधी बारीक पुटकुळ्या. इथे पावडर घालू नका. घामात तिचा लगदा होतो. आंघोळीनंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पंख्यासमोर दोन मिनिटं उभ्या राहा, कोरडं झाल्यावरच ब्रा. बुरशी असेल तर साधं क्लोट्रिमॅझोलचं मलम दोन वेळा, दोन ते तीन आठवडे, आणि लाली गेल्यावरही काही दिवस. कळकळीची विनंती एकच: मेडिकलच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून मिश्र मलम आणू नका. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी दुप्पट पसरते आणि कातडी पातळ होते. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत हट्टी नायटे एवढे वाढले त्यात या मलमांचा मोठा हात आहे. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

आता योनीमार्ग. पाळीच्या वयात तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू असतात, आणि त्यांच्यामुळे तिथला सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) ३.८ ते ४.५ म्हणजे आम्ल राहतो. इस्ट्रोजेन कमी झालं की या जंतूंचं खाद्य कमी होतं, सामू ५ च्या वर जातो, आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. त्यामुळे वास बदलतो. थोडा बदल हा नव्या स्थितीचा भाग आहे. पण माशासारखा वास, करडट पातळ स्राव असेल तर तो जंतुसंसर्ग आहे. त्याला डॉक्टर मेट्रोनिडॅझोल देतात आणि आठवडाभरात बरं वाटतं. कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग हे सोबत असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उत्तम काम करतं. सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते फारच थोडं जातं, म्हणून ते पोटात घ्यायच्या गोळ्यांइतकं धास्तीचं नाही. मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच. जाहिरातीतले सुगंधी वॉश, आत पाण्याचे फवारे, जंतुनाशकाने धुणं, हे सगळं थांबवा. बाहेरून साधं पाणी पुरतं. जंतुनाशक साबणाने उरलेसुरले चांगले जंतूही मरतात आणि वास वाढतो. रोज पँटीलायनर लावून फिरण्यानेही तो भाग ओला राहतो.

एका गोष्टीत मात्र अजिबात थांबायचं नाही. दुर्गंधी असलेला, रक्ताची छटा असलेला स्राव, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा कितीही थोडा रक्तस्राव झाला, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या. गर्भाशयाच्या मुखाचा किंवा अस्तराचा कर्करोग तर नाही ना, हे बघावं लागतं. "पाळी परत आली वाटतं" म्हणून सहा महिने घालवून आलेल्या बायका बघताना फार वाईट वाटतं. पॅप तपासणी (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींची) कधीच केली नसेल तर या निमित्ताने करून घ्या.

लघवीबद्दल कोणी बोलत नाही. खोकताना, हसताना, जिना चढून गाडी पकडताना दोन थेंब जातात, निकर वाळते आणि वास राहतो. वर आपल्या लोकलने जाणाऱ्या बायका स्टेशनवर लघवीला जायला नको म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी दाट होते, वास तीव्र होतो, मूत्राशय चुरचुरतं. पाणी कमी करणं हा उपाय नव्हे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम करा: वायू अडवताना आवळतो तसे स्नायू आत ओढायचे, पाच सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांवर न्या. श्वास रोखू नका, पोट-मांड्या आवळू नका. तीन महिने नेटाने केल्याशिवाय फरक कळत नाही. तोवर लघवीसाठीचे वेगळे पॅड वापरा, पाळीचे नकोत. जळजळ किंवा ताप असेल तर लघवीची तपासणी.

वाफांना मूळ उपाय काय, असं मनात आलंच असेल. गरम चहा, तिखट, दारू, बंद खोली, रागाचा प्रसंग यांनी वाफ येते. स्वयंपाकघरात गॅस विझतो म्हणून आपण पंखा लावत नाही आणि दोन तास ओट्यापाशी उभ्या राहतो. एखादा छोटा पंखा पाठीकडून येईल असा ठेवा. वाफा झोप मोडत असतील, दिवसातून पुष्कळदा येत असतील, तर औषधं घेण्यात काही गैर नाही. संप्रेरकांचे उपचार सगळ्यांत परिणामकारक आहेत. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केले तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हा मार्ग नाही. अशा बायकांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन अशी संप्रेरकाविना औषधं आहेत. डॉक्टरांनी तपासून द्यायची. शतावरी घेऊन मैत्रिणीला बरं वाटलं असेल, त्यात वाद नाही, पण वाफा थांबवते असं सांगण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

खाण्याने थोडा फरक पडतो. लसूण आणि कच्चा कांदा घामातून जाणवतो. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, ते घामाला आणि लघवीला मेथीचाच गोडसर वास देतं. मेथीचे लाडू चालू असतील तर आठ दिवस थांबवून बघा, एवढंच.

आणखी एक वास वयाचा. २००१ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की चाळिशीनंतर कातडीवरच्या तेलातली काही आम्लं हवेने बदलून २-नोनेनल नावाचं द्रव्य तयार होतं. तेलकट, गवतासारखा वास. तो पुरुषांनाही येतो, आणि अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. आपल्या आजीच्या कुशीत येणारा वास आठवतो ना, त्यात तोही असतोच.

घाम येण्याची सगळी कारणं पाळीच्या खात्यावर टाकू नका. रात्री घाम, सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असेल तर थायरॉइड. नैराश्याच्या काही गोळ्यांनी घाम वाढतो. सुरू असतील तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. ती खोटं बोलत नसावी. या काळात आपलं स्वतःकडे लक्ष फार जातं आणि काहींची वासाची जाणीवही बदलते. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला, दोन दिवस ठरवून, संध्याकाळी घरी आल्या आल्या खरं सांगायला लावा. त्यांना वास येत नसेल, तपासणीत काही सापडत नसेल, आणि तरीही दिवसाचे कित्येक तास हुंगण्यात, धुण्यात, लोकांच्या नाकाकडे बघण्यात जात असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. हा ओळखीचा त्रास आहे आणि उपचारांनी बरा होतो. पण तुमच्या पत्रावरून मला तो तसा वाटत नाही. काख आणि कपडे हीच माझी पहिली शंका आहे.

"कधी जाणार?" वाफा किती वर्षं राहतील हे बाईगणिक वेगळं असतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१५) हा काळ मध्यकाने ७.४ वर्षं निघाला, म्हणजे निम्म्या बायकांना त्याहून जास्त. म्हणून वाट बघत बसू नका. काखेचा त्रास दोन आठवड्यांत आटोक्यात यायला हवा, घड्यांचा तीन-चार आठवड्यांत. योनीमार्गाच्या मलमाला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

तीन आंघोळींच्या दोन करा, साबण सौम्य आणि तोही काख, जांघ, पावलं एवढ्यालाच. सहा आठवड्यांत फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खर्चाची अडचण असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात स्त्रीरोग आणि त्वचारोग असे दोन्ही विभाग आहेत. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेवटच्या पाळीची तारीख आणि साखर-थायरॉइडचे जुने रिपोर्ट न्या. आणि भजनी मंडळात याच आठवड्यापासून जा. काखेचं रोल-ऑन गुण देईल याची वाट बघायची गरज नाही. सुती ब्लाउज घाला, खिडकीजवळ बसा, हवं तर मोगऱ्याचा गजरा माळा.